गोजरबाईची दावण

अंबडच्या कोर्टाच्या फाटकाशी, डाव्या अंगाला, गोजरबाई शेंगदाणे-फुटाण्यांची पाटी घेऊन बसायची. कोर्टात आलेल्या माणसाला दोन गोष्टी भरपूर मिळतात, एक पुढची तारीख आणि दुसरा रिकामा वेळ. त्या वेळात तोंड हलतं राहावं म्हणून लोक तिच्याकडून पुडी घ्यायचे आणि भिंतीला टेकून आपापल्या वकिलाची वाट बघायचे.

तिचं माहेर भोकरदनकडचं, धावड्याचं. लग्न होऊन अंबडजवळच्या एका खेड्यात आली, चार वर्षं नांदली. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा तान्ह्या बेबीनंदाला कडेवर घेऊन ती अंबडला निघून आली आणि कोर्टाच्या भिंतीशी बसली ती बसलीच. वीस वर्षं कोर्टाच्या दारात काढली, पण नवऱ्यावर एक साधा अर्जसुद्धा केला नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "आत गेलेली मानसं कशी बाहेर येतेत ते मी रोज बघून राह्यले की." मुलीचं लग्न केलं, एक खोली बांधली, कोणाच्या चार आण्याला हात लावला नाही. अंबडमध्ये तिला ओळखणारा माणूस तिच्याबद्दल पहिलं हेच सांगायचा.

हेल्मेटांचं प्रकरण सुरू झालं ते अप्पाराव बेलिफांमुळं. तालुकाभर समन्स वाटत फिरणारा हा गृहस्थ एकदा मोटारसायकलीवरून पडला, डोक्याला सात टाके पडले आणि तेव्हापासून हेल्मेट घालू लागला. त्या काळी साऱ्या अंबडात मोजून पाच-सहा हेल्मेटं असतील. डोक्यावर घालायला हरकत नव्हती, पण गाडी लावल्यावर त्याचं करायचं काय हे कोणालाच माहीत नव्हतं. अप्पारावांनी पहिलं हेल्मेट आरशाला अडकवलं, ते महिन्याभरात गेलं. दुसऱ्याच्या पट्ट्यात कुलूप घालून ते गाडीला अडकवलं, तर कोणीतरी पट्टाच ब्लेडनं कापला. कुलूप मात्र शाबूत ठेवलं. तिसरं हँडलवर नुसतं ठेवलं, ते चोरीला गेलं नाही, पण कोणी भल्या माणसानं त्यात पान थुंकून ठेवलं होतं. अप्पारावांना ते डोक्यावर चढवल्यावर कळलं. धुऊन-पुसून ते आत घेऊन गेले तर शिरस्तेदार खेकसले, "हा हंडा अगोदर बाहेर ठेवा."

मग अप्पाराव तो हंडा घेऊन गोजरबाईकडे आले.

"बाई, याच्याकडं जरा ध्यान ठिवा. तासाभरात आलो."

तिनं ते पाटीमागं ठेवलं, वर फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशीही ठेवलं. मग एका मास्तरांचं आलं, मग एका कंपाउंडरचं. पुढं हेल्मेटची सक्ती होणार अशी आवई उठली, जालना रोडवर पोलीस अधूनमधून गाड्या अडवू लागले आणि बघता बघता भिंतीशी दहा-बारा हेल्मेटं जमायला लागली.

बेबीनंदाच्या सासरी एक बैल विकला होता, त्याची साखळी रिकामी पडली होती. ती गोजरबाईनं मागून आणली. एक टोक कोर्टाच्या खिडकीच्या गजाला बांधायची आणि साखळी एकेका हेल्मेटाच्या तोंडातून घालून मानेकडून काढायची, वेसण घातल्यासारखी. पट्ट्यात ती कधी ओवायची नाही. अप्पारावांच्या पट्ट्याची गत तिनं ऐकली होती. ज्या टोप्यांना पुढचं तोंडच नसतं त्या पोत्यात घालून स्वतःच्या मांडीखाली ठेवायची. दुसऱ्या टोकाला कुलूप आणि किल्ली कमरेच्या पिशवीत. लोक त्याला गोजरबाईची दावण म्हणू लागले. तारखेला आलेला माणूस मित्राला सांगायचा, "हेल्मेट दावनीला बांधून आलो, चल आता बिनघोर."

या ठेवीचे ती पैसे घेत नसे. चिठ्ठी नाही, नंबर नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या हेल्मेटाला कुठं ओरखडा आहे आणि कुठल्याला आवळ्याच्या तेलाचा वास येतो हे तिला पाठ होतं. ज्याचं त्याला द्यायचं. आणि तो स्वतः आला नाही, त्याच्या घरचं माणूस आलं, तर त्याला सोडून द्यायचं. घरच्या दावणीचा बैल पोरानं सोडला काय नि भावजयीनं सोडला काय, लेखी कोण मागतं? अमक्याबरोबर कोण आलंय हे ती सकाळीच डोळ्यानं टिपून ठेवायची. सहा वर्षांत एक हेल्मेट इकडचं तिकडं झालं नाही. याचा तिला गर्व होता, आणि मी म्हणतो का नसावा? कोर्टाच्या आवारात एवढा चोख कारभार दुसरा कोणता होता?

देवानंद आणि उषा ही जोडी तारखांना यायला लागली त्याला तोवर दोन वर्षं होत आली होती. देवानंद बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रावर रोजंदारीला होता, गाव बदनापूर रस्त्यावरचंच. तो तिशीचा, ती दोन-तीन वर्षांनी लहान. दोघं एकाच मोटारसायकलवर यायची. तो हेल्मेट काढून गोजरबाईच्या हातात द्यायचा, ती पुडीभर शेंगदाणे घ्यायची, आणि दोघं मागं-पुढं आत जायची. गाडीवर दोघांच्या मध्ये कायम एक कापडी पिशवी असायची. गोजरबाईला वाटायचं, कागदपत्रं असतील. दोघांच्या तोंडाकडे बघून तिनं ठरवून टाकलं होतं की भावाभावांचा जमिनीचा दावा असणार.

एकदा तर ती उषाला म्हणालीसुद्धा, "जोडीनं येता बाई, लय बरं वाटतं बघून. नाहीतर हितं बायका एकट्याच हेलपाटे घालतेत."

उषा हसली, शेंगदाण्यांची पुडी पिशवीत टाकली आणि आत गेली.

खरी गोष्ट अशी होती की ती दोघं एकमेकांवरच फारकतीची केस लढत होती. उषा माहेरी राहत होती. माहेराहून अंबडला यायची गाडी अकराला पोचायची आणि पुकारा अकरालाच व्हायचा. पहिल्या दोन तारखा तिच्या हुकल्या, त्यामुळं दोघांनाही फुकट खेटे पडले. मग तिसऱ्या वेळेला देवानंदनंच निरोप धाडला की फाट्यावर उभी राहा, मी घेऊन जातो. तेव्हापासून ती फाट्यावर उभी राहायची, तो गाडी थांबवायचा, ती मध्ये पिशवी ठेवून मागं बसायची. रस्त्यानं एक शब्द नाही. आत गेल्यावर वकिलांच्या तोंडून जे काय बोलायचं ते बोलायची आणि संध्याकाळी तो तिला फाट्यावर सोडून पुढं जायचा. आता हे बघून कोणीही फसेल. गोजरबाईही फसली. कोर्टातल्या लोकांना सगळं ठाऊक होतं, पण बाईला ठाऊक नसेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

तो मंगळवार होता. तीनच्या सुमाराला उषा एकटीच बाहेर आली. येऊन खिडकीच्या गजाला धरून जरा वेळ उभी राहिली.

"मावशी, हेल्मेट द्या."

गोजरबाईनं कुलूप काढलं, साखळी सरकवली, लाल पट्ट्याचं हेल्मेट काढून दिलं. उषानं ते दोन्ही हातांनी घेतलं, कापडी पिशवीत घातलं आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली. गाड्याही त्याच बाजूला लावलेल्या असायच्या, त्यामुळं गोजरबाईला त्यात काही वावगं दिसलं नाही.

घटकाभरानं देवानंद आला.

"काकू, हेल्मेट द्या."

"मघाशीच नेलं की मालकीनबाईंनी."

"कोन मालकीन?"

"कोन म्हंजी? तुमची."

देवानंद तिच्याकडे बघत राहिला. रागानं त्याचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "काकू, आजच आमची मोकळीक झाली. दोन वर्सं त्याच्यासाठीच तर येऊन राह्यलतो आमी."

आजूबाजूला माणसं होती. टंकलेखकाचं मशीन थांबलं. काकासाहेब नावाचे एक अर्ज लिहून देणारे कारकून होते, त्यांचं हेल्मेट रोज दावणीला असायचं, ते मान वर करून बघू लागले.

"तुमची दावन लय भरवशाची म्हनून नाव ऐकलं होतं," देवानंद म्हणाला. "पुढल्या मंगळवारी निकालाची नक्कल न्यायला येनार हाये. तवर माझं हेल्मेट मला पायजे." आणि उघड्या डोक्यानं गाडीवर बसून निघून गेला.

त्या संध्याकाळी अप्पारावांनी तिची समजूत काढायचा प्रयत्न केला. "तुमची काय चूक हो त्याच्यात? बायको नवऱ्याचं नेती, तुमी दिलं. बराबर केलं."

"निकाल कवा लागला?" गोजरबाईनं विचारलं.

"अडीच वाजले असतील."

"आन् ती माझ्याकडं आली तीनला. मंग ती घरचं मानूस न्हवती, अप्पाराव. अर्धा घंटा आधी होती."

गोजरबाईला अन्न गोड लागेना. तिच्याजवळ मिरवायला होतं काय? ना नवरा, ना वावर. बाई ठेवीला पक्की आहे, एवढं एक नाव होतं, आणि तेच आता भर चारचौघांत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी आपलं हेल्मेट टेबलाखाली पायाशी ठेवलेलं तिनं पाहिलं. ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

अप्पारावांकडून पत्ता घेऊन रविवारी ती एस.टी.नं उषाच्या माहेरी गेली. हेल्मेट आणायचंच, पाया पडायची वेळ आली तरी आणायचं, असं ठरवून गेली. फाट्यावर उतरून अर्धा कोस चालत घर विचारत पोचली. उषाच्या आईनं, गिरिजाबाईनं, पाणी दिलं, चहा ठेवला. पोरीच्या कोर्टाजवळची फुटाणेवाली घरी का आली हे काही तिला उमगेना, पण आलेल्या माणसाला आधी चहा आणि मग विचारपूस, ही तिची रीत होती.

हेल्मेट समोरच्या खुंटीला टांगलेलं होतं. स्वच्छ पुसलेलं.

उषा बाहेरून आली आणि गोजरबाईला बघून सगळं समजली. बसली. "मावशी, त्यानं लय गोंधळ घातला का?"

"गोंधळ न्हाई घातला. पर मागितलं, मंगळवारी न्यायला येनार हाये. आन् त्याचं बराबर हाये बाई, त्यानं माझ्या हातात दिलं होतं."

"दिलं त्यानं. घेतलं कोनी इचारा." उषा खाली बघून बोलत होती. "लग्नाच्या पहिल्याच साली बदनापूरजवळ गाडीवरून पडला. दोन दिवस सुदीत न्हवता. दवाखान्यात मी उशाला बसून होते. बरा झाल्यावर मी कापूस वेचला आन् त्या पैशातून जालन्याहून हे आनलं. सोता जाऊन आनलं, त्याला घिऊन न्हाई गेले. पुढं जे व्हायचं ते झालं. सामानाची यादी केली तवा भांडी लिहिली, पलंग लिहिला, फनीसुदीक लिहिली. हे कोनी लिहिलंच न्हाई, त्याच्या डोक्यावर होतं ना. दोन वर्सं मी मागं बसून यायची. त्याच्या डोक्यावर हे आन् माझ्या डोक्यावर पदर. त्या दिवशी बाहेर आले, म्हनलं, त्याची काळजी करायचं काम संपलं माझं. मंग हे त्याच्याकडं कशाला?"

गिरिजाबाई चुलीशी पाठ करून बसली होती. ती पदरानं डोळे पुसत होती.

"पर तुमचं नाव खराब झालं," उषा म्हणाली. "ते माझ्या ध्यानात न्हाई आलं मावशी, खरंच सांगते. घिऊन जा तुमी." ती उठली आणि खुंटीवरचं हेल्मेट काढून तिनं गोजरबाईच्या मांडीवर ठेवलं.

हे ऐकायलाच तर गोजरबाई आली होती. तिनं हेल्मेट धरलं. आतल्या अस्तराला कोणीतरी फाटल्या जागी हातानं टाके घातले होते, बारीक, जवळजवळचे. तिला एकदम आपलं जातं आठवलं. धावड्याहून बापानं बैलगाडीत घालून, दोन मुक्काम करून आणून दिलेलं जातं. नवऱ्याचं घर सोडताना तिनं ते तिथंच ठेवलं. पुढं किती वर्षं त्याच्यावर दुसरीनं दळण दळलं, आणि तिनं एकदाही मागायला जायची हिंमत केली नाही. कशाला मागायचं, लोक काय म्हणतील, एवढ्याशा गोष्टीसाठी, असं म्हणत आयुष्य गेलं. या पोरीनं मागितलं नाही, नुसतं घेतलं, पाच मिनिटांत. गोजरबाईला तिचा हेवा वाटला आणि रडूही आलं.

चहा होईपर्यंत ती तशीच बसली. चहा प्याली. मग उठून हेल्मेट परत खुंटीला टांगलं.

"मावशी, मंगळवारी काय सांगताल?"

"सांगन काहीतरी."

एस.टी.त बसल्यावर तिला धाकधूक सुरू झाली. पोरीचं बरोबर होतं, पण त्यामुळं तिची चूक थोडीच पुसली जाणार होती? आणि तो उघड्या डोक्यानं बदनापूर-अंबड करतोय, एकदा पडलेला माणूस, हेही तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. सोमवारी तिनं अप्पारावांकडून त्यांचं जुनं हेल्मेट मागून घेतलं.

मंगळवारी देवानंद आला. नक्कल घेऊन, घडी करून खिशात घातली आणि पाटीसमोर उभा राहिला. टंकलेखक होता, काकासाहेब होते, आणखी चार-सहा जण होते. गोजरबाईनं ते जायची वाट बघितली नाही की आवाजही खाली केला नाही.

"तुमी माझ्या भरवशावर बांधलं आन् मी दुसऱ्याच्या हाती सोडलं. चूक माझी हाये. माघारी आनाया गेल्ते. आनलं न्हाई."

"दिलं न्हाई तिनं?"

"ती देत होती. मीच न्हाई घेतलं."

"काय म्हनली ती?"

"ते कोनी इकत आनलं ते सांगितलं."

त्याची नजर खाली गेली. तो भांडेल, पोलिसात जाईन म्हणेल, अशी सगळ्यांची अटकळ होती. तो बुटानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "यादीत लिहायला पायजे होतं मी. माझ्या ध्यानात होतं. मुद्दाम न्हाई लिहिलं."

गोजरबाईनं पाटीमागून अप्पारावांचं जुनं हेल्मेट काढलं. "हे घाला. मोठं हुईल, पर रिकाम्या डोक्यानं जाऊ नका."

त्यानं ते घेतलं. मोठंच होत होतं. तसंच घालून तो गेला.

त्यानंतर काही महिने दावण विरळ झाली. लोकांनी काय ऐकलं, काय नाही, कोण जाणे, पण गोजरबाई हेल्मेट भलत्याला देते एवढं पसरलं. तिनं कोणाची मनधरणी केली नाही. साखळी रोज गजाला बांधायची, कधी तीन हेल्मेटं, कधी दोन. एकदा तर दिवसभर नुसतं अप्पारावांचंच. लोक पुन्हा वळले ते काही तिच्यावर मेहरबानी म्हणून नाही. आरशाला अडकवलेली हेल्मेटं जायची थांबली नव्हती, म्हणून वळले. काकासाहेबांचं टेबलाखालून गेलं तेव्हा तेही मुकाट्यानं आले.

मात्र तिनं रीत बदलली. घरचं माणूस कोण हे आता ती डोळ्यानं ठरवत नव्हती. हेल्मेट हातात घेतलं की विचारायची, "तुमच्या मागं कोनाला देऊ?" बहुतेक जण गंमत म्हणून उत्तर द्यायचे. कोणी म्हणायचा थोरल्या भावाला, कोणी म्हणायचा मेव्हण्याला सोडून कोणालाही. काही माणसं मात्र तोंड उघडून थांबायची. आत भावाविरुद्ध केस चाललेला माणूस बराच वेळ विचार करायचा आणि मग मित्राचं नाव सांगायचा. काकासाहेबांसारखा बोलका माणूस पहिल्या दिवशी दोन नावं घेऊन दोन्ही मागं घेऊन गेला. गोजरबाई कोणाला घाई करत नसे. नाव सांगेपर्यंत साखळी हातात धरून बसायची.

पुढच्या उन्हाळ्यात देवानंद कुठल्याशा साक्षीला आला. आता त्याच्याकडे स्वतःच्या मापाचं नवं हेल्मेट होतं. अप्पारावांचं जुनंही त्यानं पिशवीतून परत आणलं होतं, धुऊन. नवं हेल्मेट काढून त्यानं गोजरबाईपुढं धरलं.

तिनं त्यालाही विचारलं. बाकीच्यांना विचारते तसंच.

"तुमच्या मागं कोनाला देऊ?"

"माझं मीच नेईन, काकू."

"आन् तुमी न्हाईच आले तर?"

देवानंद तिथंच पाटीजवळ टेकला. पुडी घेतली, चार दाणे सोलले, तळहातावर घेऊन फुंकर मारली, पण खाल्ले नाहीत. आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला तसा तो उठला.

"कोनी न्हाई तसं," तो म्हणाला. "मंग असू द्या तुमच्यापाशीच."

गोजरबाईनं मान हलवली आणि साखळी त्याच्या हेल्मेटाच्या तोंडातून ओवली.